किल्लीकाका एकदाच गप्प बसले

किल्लीकाकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा आमच्यामध्ये एक बंद दार होतं. मी बाथरूमच्या आत, ते बाहेर. मी आत किती वेळ अडकलो होतो याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. बायकोच्या मते पाऊण तास. मला विचाराल तर मी आत गेलो तेव्हा ऐन तारुण्यात होतो आणि बाहेर आलो तो हा असा, डोक्यावर चंद्र उगवलेला. मधल्या काळात मी साबणाच्या वडीकडे एकदा भुकेल्या नजरेने पाहिलं. मृत्युपत्र करायचंही मनात आलं, पण लिहायला जवळ फक्त टूथपेस्ट होती, आणि माझ्या इस्टेटीच्या मानाने तीसुद्धा जास्तच झाली असती.

शेवटी बायकोने कुणाकडून तरी नंबर मिळवून कुलपं दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. दाराबाहेर अवजारांची पेटी आपटली आणि आवाज आला, "घाबरू नका साहेब, मी आलोय."

मला वाटलं, सुटलो. पण त्या आवाजाला घाई नव्हती. भोकात काहीतरी खुडबुडत त्याने मला आपला डावा गुडघा, जावयाचा घोरण्याचा आजार, बायकोच्या भावाचा आगाऊपणा आणि गावाकडच्या मोठ्या बहिणीच्या बोटांचा संधिवात हे सगळं क्रमाने सांगितलं. मी टबच्या काठावर टॉवेल गुंडाळून "हो का", "अरेरे" करत होतो. उठून जायची सोय नसलेला श्रोता त्यांना जन्मात पहिल्यांदाच मिळाला असणार.

दार उघडलं. समोर एक बुटका, गोल माणूस. मिशीत पितळेचा भुसा अडकलेला, त्यामुळे दिव्याखाली मिशी सोनेरी दिसत होती. शेजारी बायको उभी. तिच्या देखत हा माणूस म्हणाला, "कुलूप बिघडलंच नव्हतं, साहेब. तुम्ही उलटं फिरवत होतात."

एवढं बोलून वर त्याने पैसे घ्यायलाही नकार दिला. "नुसतं तेल घातलंय. त्याचे कसले पैसे?" ते उलटं फिरवण्याचं वाक्य त्याने गिळलं असतं, तर मी खुशीने दुप्पट दिले असते.

पण गिळणं हा प्रकार किल्लीकाकांना ठाऊकच नव्हता. लॉन्ड्री आणि चपला शिवणाऱ्याच्या मधे त्यांचं चिंचोळं दुकान होतं. भिंतभर आकड्यांना कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या आणि मधोमध किल्ल्या कापायचं मशीन. हे मशीन किंचाळायला लागलं की काका त्याच्याहून वरच्या पट्टीत बोलत. गिऱ्हाईक येऊन विचारायचं, "हे कुलूप कसं आहे?"

"हे नका घेऊ. हे मी अर्ध्या मिनिटात उघडतो."

"मग ते वरचं?"

"त्याला एक मिनिट लागतं."

गिऱ्हाईक कुलूप न घेता आणि झोप घालवून परत जायचं. मुलीला पाहायला पाहुणे आले तेव्हा काकांनी चहाच्या आधीच सांगून टाकलं, "मुलगी गुणी आहे, पण सकाळी नऊच्या आत उठत नाही." काकू आत कपाळावर हात मारून बसल्या. लग्न जमलं ते केवळ मुलगा दहाच्या आत उठत नव्हता म्हणून.

या सवयीचं मूळ त्या संधिवाताच्या बहिणीत होतं. आई लहानपणीच गेली, तेव्हा काकांना आक्कांनी वाढवलं. आक्कांचा एकच नियम असायचा: काही फोडलं, सांडलं, बिघडवलं की आधी आपण होऊन सांगायचं. मग दुसऱ्याला सांगायला काही उरत नाही. आक्कांनी हे शेजारच्या फुटलेल्या काचेपुरतं म्हटलं असेल. काकांनी आख्ख्या आयुष्याला लावलं.

आता या आक्का थकल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. गावाकडे काकांच्या पुतण्याच्या घरी, येण्याजाण्याच्या वाटेवरच्या खाटेवर झोपायच्या. आम्ही सगळे परक्या देशात येऊन पोट भरणारी माणसं. इथला कायदा असा, की बहिणीला कायमचं राहायला आणायचं तर माणूस इथला नागरिक हवा. एकवीस वर्षं राहूनही काकांनी कधी अर्ज केला नव्हता. पुतण्याच्या बायकोने खाट आणखी सरकवून दाराशी नेल्याचं कळलं आणि काका उठले. अर्ज व्हायच्या आधीच त्यांनी दुकानामागची खोली रंगवून काढली. आक्कांच्या बोटांना गोल मूठ फिरवता येत नाही, म्हणून त्या खोलीच्या आणि न्हाणीघराच्या दाराला खाली दाबायची लांब हँडलं बसवली, तीही आक्कांच्या उंचीला जमतील अशी, चांगली वीतभर खाली. मला नेऊन दाखवलं. "कोपराने दाबा. बघा. कोपराने!" मी कोपराने दाबलं. दार लोण्यासारखं उघडलं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याबद्दलही ते पाच मिनिटं बोलले.

अर्ज गेला, मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि घराण्यात घबराट पसरली. हा माणूस मुलाखतीत काय काय बोलेल? काकूंनी आपल्या भावाला बोलावून घेतलं. ह्या भावाला सगळे वकीलसाहेब म्हणत. ते टाइल्सच्या दुकानात विक्रेते होते. पूर्वी कधीतरी एका खटल्यात साक्षीला गेले होते, आणि तेव्हापासून कायदा त्यांच्या अंगातून उतरलाच नव्हता.

रविवारी दुपारी तालीम सुरू झाली. वकीलसाहेब चष्मा नाकाच्या टोकावर ओढून साहेब झाले. मी आपला फुकटचा प्रेक्षक, चहाचा कप धरून.

"किती वर्षं राहता इथे?"

"एकवीस. पहिली दोन एका खोलीत काढली. घरमालक असा चिक्कू होता म्हणता, बल्ब काढून—"

"थांबा! एकवीस. पुढे पूर्णविराम."

"पण त्याने बल्ब—"

"भाऊजी, बल्ब गेला खड्ड्यात! विचारलं तेवढंच बोलायचं. काय करता?"

"कुलपांचं दुकान आहे. म्हणजे चालत नाही फारसं, कारण मी—"

"ताई, ह्यांच्या तोंडात काहीतरी कोंब बघू!"

तासाभरात काका एका वाक्यावर आले. घामाघूम झाले होते. मग वकीलसाहेबांनी विचारलं, "पोलीस, अटक, कोर्ट, दंड? कधी काही?"

आणि किल्लीकाका कुणी न सांगता गप्प झाले. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी खिडकीकडे.

"काय हो, आहे की काय काही?" मी सहज म्हणालो.

होतं. नवीन नवीन इथे आले तेव्हा एक गृहस्थ दुकानात आला, म्हणाला, घराची किल्ली हरवली, चला. काकांनी जाऊन दार उघडून दिलं. घर त्याचं नव्हतंच, सोडून गेलेल्या बायकोचं होतं. ती आतच होती. पोलीस आले आणि दोघांनाही घेऊन गेले. कोठडीत काका जरा टेकून उभे राहिले तर दार हललं. त्यांनी लगेच हाका मारायला सुरुवात केली. "साहेब, ही कडी ढिली आहे! कुणी ढुंगणाने ढकललं तरी उघडेल!" पोलिसाने स्क्रूड्रायव्हर आणून दिला, आणि किल्लीकाकांनी आत बसून स्वतःला नीट कोंडून घेतलं. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांपुढे ते इतकं खरं आणि इतका वेळ बोलले की न्यायाधीशांनी हात जोडायचंच बाकी ठेवलं. ताकीद मिळाली आणि प्रकरण निकालात निघालं.

मी हसून हसून चहा शर्टावर सांडला. ज्या माणसाने जावयाचं घोरणंही गावभर केलं, त्याने ही गोष्ट आजवर लपवली कशी?

"हसू नका," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज निराळाच होता. "चौकशीला पोलिसांची गाडी आमच्या दाराशी आली होती, ती गल्लीने पाहिली. वर्षभर माझ्याकडे कुणी कपभर चहाला आलं नाही. मुलीला शाळेत डब्यात वाटेकरी उरला नव्हता. तेव्हा मी ह्यांना शपथ घातली. आक्कांची शपथ. ही गोष्ट पुन्हा ह्या तोंडातून निघता कामा नये."

मग वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "ताई म्हणते तेच कायदाही म्हणतो. प्रकरण मिटलं म्हणजे ते झालंच नाही. उत्तर एकच, नाही."

"पण सरळ विचारलं तर?"

"सरळ विचारलं तरी नाही."

"आक्का तर म्हणायची, आधी आपणच—"

"भाऊजी, तुम्हाला आक्का हव्यात की आक्कांचं म्हणणं?"

काकांनी त्या दिवसापासून 'नाही' म्हणण्याचा सराव केला. किल्ल्या कापताना, जिना चढताना, नाही, नाही, नाही. एक बाई कुलूप विकत घ्यायला आली तर तिलाही नाही म्हणाले.

मुलाखतीच्या दिवशी मीच त्यांना गाडीने घेऊन गेलो. बाहेर खुर्च्यांच्या रांगेत काकू पदर चुरगाळत बसल्या होत्या. काका बाहेर आले ते पहिला नंबर आलेल्या पोरासारखे. मिशीतला भुसासुद्धा चमकत होता.

"एक अक्षर जास्त बोललो नाही! बाई चांगली होती हो. तोच प्रश्न तिने दोनदा विचारला. मी म्हटलं नाही. मग पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, जुनं, मिटलेलं, सोडून दिलेलंसुद्धा चालेल, सावकाश आठवून सांगा. चांगली थांबली माझ्यासाठी. मी मनात म्हटलं, अस्सं! वकीलसाहेबांनी शिकवलेली परीक्षा ती हीच. आणि ठणकावून सांगितलं, नाही!"

काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत नवऱ्याचा हात धरला.

साडेतीन महिन्यांनी उत्तर आलं. अर्ज नामंजूर. नामंजुरीचं कारण ते जुनं प्रकरण नव्हतं. प्रकरण लपवलं, हे होतं. काही वर्षं पुन्हा अर्जही करता येणार नव्हता. वकीलसाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि "यात भाषेचा घोळ आहे" असं म्हणून टाइल्सच्या दुकानात निघून गेले.

काका मात्र त्या कचेरीत गेले. मी सोबत होतो. खिडकीत तीच बाई भेटली, आणि किल्लीकाकांचा बांध फुटला. गृहस्थ, बायको, कोठडी, ढिली कडी, स्क्रूड्रायव्हर, सगळं सांगितलं. ऐकता ऐकता बाईला हसू फुटलं. शेजारच्या खिडकीतला कारकूनही हसला. मग ती हसायची थांबली.

"त्या दिवशी या जुन्या प्रकरणाचा कागद माझ्यासमोरच होता," ती म्हणाली. "यात काही नव्हतं. हे एवढंच तुम्ही सांगितलं असतं तर मी सही करून पुढचा माणूस बोलावला असता. म्हणून तर दोनदा विचारलं."

परत येताना सिग्नलला थांबलो तेव्हा काका म्हणाले, "जन्मभर न विचारता बोललो हो."

आक्कांना फोन त्यांनी माझ्यासमोरच केला. सगळं ऐकून पलीकडून आक्कांचा खोकला आणि हसू एकदमच आलं. "तू? तू गप्प बसलास? कुणी शिकवलं रे तुला?" आणि मग, "असू दे. खाट बरी आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं दिसतात."

काकूंनी त्यानंतर कित्येक दिवस नवऱ्यासमोर वर पाहिलं नाही. एकदा मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "शपथ मीच घातली होती ना? मग मोडायची ती मीच मोडायला हवी होती. त्या रविवारी एक शब्द बोलले असते तर?" मीही त्या रविवारी नुसता हसलोच होतो. माझा शर्ट अजून चहाने डागाळलेला होता.

काका दुकान उघडत राहिले, पण बोलणं गेलं. कुलूप कसं आहे विचारलं तर म्हणत, "चांगलं आहे." धंदा वाढला. लॉन्ड्रीवाला मला म्हणाला, "काकांची तब्येत बरी नाही का? परवा माझी किल्ली दहा मिनिटांत करून दिली." मी एकदा मुद्दाम बाथरूमचं कुलूप बिघडवून त्यांना बोलावलं आणि आत जाऊन बसलो. त्यांनी दोन मिनिटांत उघडलं, पैसे घेतले आणि गेले. आतून मी "गुडघा कसा आहे?" असं विचारलं होतं. "बरा आहे," एवढंच उत्तर आलं होतं.

मुदत संपल्यावर त्यांनी पुन्हा अर्ज केला. या वेळी मुलाखतीला दुसरा अधिकारी होता. काकांनी खुर्चीवर बसायच्या आधीच कोठडीपासून सुरुवात केली. त्याने मान वर न करता लिहून घेतलं, "ठीक आहे" म्हणाला आणि पुढचा प्रश्न विचारला. काका आता इथले नागरिक आहेत.

आक्का त्याच्या आदल्या वर्षी गेल्या. दुकानामागची खोली एका विद्यार्थ्याला भाड्याने दिली आहे. हँडलं फार खाली आहेत, अशी त्याची तक्रार आहे.