दाजींच्या सात जर्मन कॅसेटी

आमच्या दाजींइतका संशयी माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात झाला नाही, असं मी कुठेही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. हे वाक्य त्यांच्या कानावर गेलं, तर ते आधी चष्मा पुसतील आणि मग विचारतील, "अख्खा जिल्हा फिरलास का तू?" नेकनूरच्या फाट्यावर बीडची एसटी येऊन उभी राहिली, की बाकीची माणसं पाटी वाचून आत शिरत. दाजी पाटी वाचत, मग कंडक्टरला विचारत, मग पुढून वळसा घालून ड्रायव्हरला विचारत. "पाटी काय, कुनीबी लावतंय," हे त्यांचं म्हणणं. आत बसल्यावर शेजारच्याला, "तुमी कुठं निघालात?" असा प्रश्न असे, तो आपुलकीचा नव्हे, पडताळ्याचा. माझ्या थोरल्या बहिणीशी, म्हणजे अक्काशी, त्यांचं लग्न झालं, तेव्हा पंगतीत सगळ्यांनी श्रीखंडावर ताव मारला आणि नवरदेवाने पहिलं बोट चाटून सासऱ्याला विचारलं, "चक्का कुनाच्या घरचा?" आमचे वडील पुढे वर्षभर त्या प्रश्नाचा अर्थ लावत होते.

पण यात दाजींचा दोष निम्माच होता. निम्मा त्यांच्या नोकरीचा. ते सहकारी दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर टेस्टर होते. गावोगावच्या सोसायट्यांचे कॅन सकाळी केंद्रावर येत, आणि प्रत्येक कॅनचा नमुना घेऊन त्याची फॅट आणि डिग्री काढणं, म्हणजे दूध किती सकस आहे आणि त्यात पाणी किती आहे ते बघणं, हे दाजींचं काम. जो माणूस रोज सकाळी सहा वाजल्यापासून शंभर जणांच्या प्रामाणिकपणात लॅक्टोमीटर बुडवतो, त्याच्याकडून अकरा वाजता भोळेपणाची अपेक्षा कशी करायची? त्यात ती वर्षं दुष्काळाची. सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता, निम्मं गाव ऊसतोडीला गेलं होतं आणि उरलेल्यांना टँकर तिसऱ्या दिवशी मिळायचा. माझ्या वसतिगृहाची मेस पाण्यावाचून बंद पडली, म्हणून मी काही महिने अक्काकडे राहून एसटीने कॉलेजला जात होतो. तेव्हा केंद्रावर दाजींना मी कॅनवाल्यांवर ओरडताना ऐकलं आहे : "घोटभर प्यायाला न्हाई मनता, आन दुधात घालायला कुठून आनता रे? मलाबी दावा की ती हीर!"

अशात केंद्रावर दूध थंड करायचं नवं यंत्र आलं आणि ते बसवायला एक जर्मन इंजिनियर आला. उंच, लालबुंद, अर्ध्या चड्डीतला माणूस. चेअरमनसाहेबांनी दाजींना सांगितलं, "पाव्हन्याकडं लक्ष ठिवा." चेअरमनच्या मनात चहापाणी, जेवणखाण असं काहीतरी असावं. दाजींनी त्याचा अर्थ पाळत ठेवणे असा घेतला. पंधरा दिवस ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या जर्मनासमोर स्टूल टाकून बसले. तो नट आवळी, हे मोजत. तो अंडं सोले, हे बघत. त्याच्या कमरेला एक छोटा टेप असायचा आणि कानात त्याच्या वायरी. यंत्र जोडता जोडता तो मान हलवायचा. दाजी घरी येऊन हळू आवाजात सांगत, "कानात मशीन घालून काम करतोय. कुनाचातरी हुकूम ऐकत असंल."

दोघांना एकमेकांचं अक्षरही कळत नव्हतं. परंतु जाण्याच्या दिवशी त्या जर्मनाने दाजींना सगळ्यांसमोर कडकडून मिठी मारली आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा त्यांच्या हातात ठेवला. परमुलखात पंधरा दिवस एक माणूस न कंटाळता आपल्यासोबत बसला, याचा त्याने त्याच्या परीने अर्थ लावला होता. डब्यात सात कॅसेटी होत्या. सातही एकाच जर्मन वादकांच्या कंपूच्या, आणि प्रत्येकीवर पेनाने एक ते सात आकडे घातलेले. त्या कंपूचं नाव मला आजही धड उच्चारता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

"फुकट कावून दिल्या?" दाजींनी डबा माझ्यापुढे ठेवला. "तू कालेजात इंग्रजी शिकतोस. वाच बरं, काय लिवलंय."

मी कॅसेटीच्या डबीतला कागद उलटसुलट करून म्हणालो, "दाजी, हे इंग्रजी नाही. जर्मन आहे."

दाजींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मीच ते लिहून लपवतोय. "अक्षरं तर तीच हायेत की."

पहिल्या कॅसेटीवर चित्र होतं : उघडं माळरान आणि त्यावर मधोमध एक बंद दार. बाजूला भिंत नाही, वर छप्पर नाही. दाजी बराच वेळ ते बघत राहिले आणि म्हणाले, "भिंत कुनी नेली?"

दुपारी केंद्रावरून आल्यावर दार लावून घ्यायचं, वडिलांनी लग्नात दिलेला टेपरेकॉर्डर फडक्याने पुसायचा आणि नंबराप्रमाणे एकेक कॅसेट ऐकायची, असा त्यांचा तपास सुरू झाला. पहिल्या दिवशी मी आणि अक्काही बसलो. आधी लांबून काहीतरी घरघरलं, मग एकाने ढोल बडवायला घेतले, मग गिटारवाला असा काही पेटला, की अंगणातली शेळी दावं तोडून गेली. अक्का म्हणाली, "जर्मनचं हाय ना, मग पातेल्यावानीच वाजनार." आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात, त्यामुळे तिच्या दृष्टीने विषय तिथेच मिटला. दाजींचा मात्र नुकता सुरू झाला होता. वीस मिनिटं झाली तरी एकच गाणं चालू होतं आणि गाणारा आलेला नव्हता. "रुसला असंल," दाजी म्हणाले. "न्हाईतर ह्यांनी त्याला कोंडून ठिवलाय." दुसऱ्या बाजूला शेवटी शेवटी एक जण दोन ओळी पुटपुटून गेला, तेव्हा दाजींनी टेप बंद करून तो तुकडा सहा वेळा ऐकला. गाणाऱ्याच्या जिवाचं बरं आहे, याची खात्री पटल्यावरच ते उठले.

बाकी कुणी एकदा ऐकून डबा माळ्यावर टाकला असता. दाजींनी सात कॅसेटी सात आठवडे ऐकल्या. त्यांच्याकडे एक वही होती आणि तिच्यात प्रत्येक कॅसेटीचा शेरा दुधासारखा लिहिलेला होता. दुसरी : "फॅट भरपूर. वास उग्र. पन खरं." तिसरी : "दोन जनांचं भांडन चालू हाय. ढोलवाला मधे पडतो." चौथी : "सगळे एका जागी बसून वाजवतेत. लई छान." मला आधी हसू यायचं. मग एकदा सातवी लावलेली असताना ते मधेच म्हणाले, "ह्याच्यात पानी हाय." ती गाणी तीन-तीन मिनिटांची, गोड, टाळ्या वाजवाव्यात अशी होती. मला आवडलेली ती एकच कॅसेट. दाजींनी मला समोर बसवलं. "आइक. पाच जनांची सोसायटी होती. पयल्या कॅसेटीत कुनी कुनाचं आइकत न्हाई, पन दूध घरचं. चौथीत सगळ्यांचं जमलं. सहावीपसून एक जन चेअरमन झालाय. बाकीचे नुसते सहीपुरते. फक्त ढोलवाला तेवढा इमानदार ऱ्हायलाय, तो आजून पयल्यावानीच वाजवतो." पुढे कितीतरी वर्षांनी मी त्या कंपूचा इतिहास वाचला. त्यात जे दोन पानांत सांगितलं होतं, ते दाजींनी भाषा न कळता नेकनूरजवळच्या एका पत्र्याच्या खोलीत बसून ओळखलं होतं.

खरा गोंधळ झाला तो पाचव्या कॅसेटीने. तिच्यातलं मोठं गाणं सुरू होतं तेच मुळी थेंबाथेंबाने. आधी एक थेंब, मग दुसरा, मग धार, आणि मग ओढा वाहावा तसं खळखळ पाणी. दाजी दार-खिडक्या लावून ही कॅसेट तिसऱ्यांदा ऐकत होते. टँकर येऊन चार दिवस झाले होते. पलीकडच्या घरातल्या सरूबाई भिंतीला टेकून डाळ निवडत होत्या. त्यांनी पाणी पडताना ऐकलं.

अर्ध्या तासात दारात पंचवीस-तीस बायका घागरी घेऊन उभ्या राहिल्या. मागून सरपंच आले आणि त्यांच्यामागे ते सगळे कॅनवाले, ज्यांचं दूध दाजींनी कधी ना कधी परत पाठवलं होतं. "दुधात पानी धरतोय आन सोता घरात बोर मारून बसलाय!" असा एक आवाज आला. कुणीतरी म्हणालं, चेअरमनकडं जाऊ, असल्या मानसाला टेस्टर ठिवायचा न्हाई. लोकांचे चेहरे थट्टेचे नव्हते. चार दिवसांची तहान होती ती.

आणि दाजी? त्यांना वाटलं, हे कॅसेटी न्यायला आले आहेत. ते दाराला पाठ लावून उभे राहिले. "आत कुनाला सोडनार न्हाई," म्हणाले. यापेक्षा वाईट वाक्य त्या वेळी सापडणं कठीण होतं.

"कावून न्हाई सोडनार?" सरपंचांनी विचारलं. "काय लपवलंय आत?"

"माझं हाय. मला दिलंय. तुमाला काय करायचंय?"

एका कॅनवाल्याने दाजींच्या सदऱ्याला हात घातला, तेव्हा अक्का आतून आली. तिने नवऱ्याला दंडाला धरून शांतपणे बाजूला केलं, दार सताड उघडलं आणि म्हणाली, "या. समदं घर बगा. कोरडा रांजन बी बगा." लोक शिरले. चूल, कणग्या, न्हाणी, खाटेखालचा अंधार, सगळं तपासून झालं. रांजणात तळाला दोन तांबे पाणी होतं. मग अक्काने टेपरेकॉर्डर उंबऱ्यावर आणून ठेवला आणि बटण दाबलं.

थेंब पडला. दुसरा पडला. बायकांनी आधी त्या यंत्राकडे पाहिलं, मग एकमेकींकडे. कुणीतरी फिसकन हसलं. पण धार सुरू झाली आणि हसू थांबलं. ओढा वाहायला लागला, तेव्हा सगळं अंगण चिडीचूप होतं. घागरी खाली टेकवून माणसं जिथल्या तिथे बसली. सरपंच पायरीवर बसले. ते गाणं बावीस मिनिटांचं होतं आणि तेवढा वेळ एकही माणूस उठला नाही. संपल्यावर सरूबाईंची म्हातारी सासू म्हणाली, "बाबा, परत एकदा लाव की."

दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा 'कावून' न विचारता कॅसेट मागे फिरवली.

टेस्टरकी शाबूत राहिली. पुढचे काही दिवस दुपारी चार-दोन माणसं येऊन, "पान्याची लावा" म्हणून बसत. दाजी लावत, पण आलेल्याकडे डोळे बारीक करून बघत राहत. फुकट ऐकायला येतोय म्हणजे याच्या मनात काय असेल, याचा त्यांना थांग लागत नसे. सरपंचांचा संशय तर कधीच पूर्ण गेला नाही. पुढे पाऊस झाला, विहिरी भरल्या, तरी ते दाजींच्या घरावरून जाताना क्षणभर थांबून कान द्यायचे.

नंतर संघ मोडकळीला आला, केंद्राला कुलूप लागलं, दाजी निवृत्त झाले. मी नोकरीनिमित्त लांब गेलो. परवाच्या दुष्काळात अक्काकडे गेलो होतो, तेव्हा मोबाइलवर मला त्या कंपूची सगळी कारकीर्द ओळीने सापडली. सातव्या कॅसेटीनंतर त्यांनी आणखी नऊ काढल्या होत्या. दाजींना दाखवलं, तर म्हणाले, "एवढ्या वर्षांनी आपोआप कशा आल्या?" तरी खाट सरकवून जवळ बसले. चार दिवस आम्ही दोघं दुपारभर ऐकत होतो. आठवीला त्यांनी नाक मुरडलं. नववीत पाणी. दहावी मात्र मन लावून ऐकली. अकरावी सुरू होऊन दोन मिनिटं झाली आणि ते ताठ झाले.

"थांबव. ढोलवाला बदलला."

मला काहीच फरक कळला नव्हता. मी मोबाइलवर शोधलं. दाजींचं बरोबर होतं.

"का गेला? भांडन झालं का?"

"नाही दाजी. वारला तो. आजारी होता. बरीच वर्षं झाली."

मला वाटलं, आता दाजी पुरावा मागतील; ती माहिती कुणी लिहिली, कशावरून खरी, असं विचारतील. ते नुसते खाटेच्या दोरीवर बोटं फिरवत बसले. मग म्हणाले, "आपल्याला कुनी कळवलं न्हाई."

ते उठले, खांद्यावर पंचा टाकला आणि न्हाणीकडे गेले. अक्का तेव्हा पाणी तांब्याने मोजून वापरत होती. टँकर परवावर होता. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हळूच सांगितलं, कोण गेलं ते. तिने रांजणावरचं झाकण काढलं, बादली निम्मी भरली आणि न्हाणीच्या दगडावर नेऊन ठेवली. आमच्याकडे लांबचा नातलग गेल्याची बातमी उशिरा कळली तरी डोक्यावरून आंघोळ करतात. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा.