चुन्याने उठवलेला मुकुट

कुणी तंबाखूत चुना मळू लागलं, की त्या वासाने मला एक गंजकी रायफल आठवते. पालघरला माझा फोटो स्टुडिओ होता. किनाऱ्यावर चोरटी हत्यारं उतरतात अशी तेव्हा चर्चा होती, आणि सातपाटीच्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराच्या जाळ्यात नेमकी ही रायफल आली. ती घेऊन तो आपणहून पोलीस चौकीत गेला, तर त्यालाच बसवून ठेवलं. "कुठल्या देशाचं चिन्ह आहे ते फोटोत दिसलं पाहिजे," फोटो काढायला बोलावून फौजदार मला म्हणाले, "चोरटा माल निघाला तर याची सुटका नाही." मी भिंग लावून पाहिलं, नुसता गंज. तेवढ्यात म्हाताऱ्याने आपली डबी पुढे केली. "चुना भरून बगा, दादा." काय निघेल हे त्यालाही ठाऊक नव्हतं. चुना चोळून फडक्याने पुसला, तशी खाचांतून पांढरी रेघ उठली आणि मुकुट झाला, जुन्या रुपयावरच्या राजाच्या डोक्यावर असायचा तसा. म्हणजे रायफल इंग्रजांच्या वेळची, आत्ताचा चोरटा माल नव्हे. फौजदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. पंचनाम्याच्या रीतीप्रमाणे म्हाताऱ्याला चिन्हाकडे बोट दाखवायला लावून, कॅमेरा स्टँडवर ठेवून मी फोटो काढला. त्याची एक प्रत अजून माझ्याकडे आहे. मुकुट अगदी स्पष्ट आलाय, बोट मात्र थरथरून पुसट झालंय.