सत्काराला सोळा मुलं

शेजारची नर्स आपलं पाच महिन्यांचं बाळ मावशींच्या हातात देत म्हणाली, "दोनच तास हो, ताई." मावशी तेव्हा एकतिशीच्या, शिवणकाम करून एकटीचं पोट भरणाऱ्या. नाही म्हणायला त्यांना कधी जमलंच नाही. त्या दोन तासांना आता तेहतीस वर्षं होतील.

पुढच्याच आठवड्यात पोस्टातल्या कारकूनबाईंची जुळी आली आणि शिवणयंत्र माळ्यावर गेलं. तळमजल्याच्या दोन खोल्यांत गाद्या अंथरल्या, दोरीवर दुपटी वाळू लागली. गल्ली त्याला पाळणाघर म्हणू लागली. पाळणा मात्र एकच होता. आईबाप सगळे एकाहून एक शहाणे. एका इंजिनिअर बापाने चौदा महिन्यांच्या लेकाच्या बौद्धिक विकासाचं छापील वेळापत्रक आणून दिलं. लेकाने ते दुपारी खाल्लं.

यंदा गल्लीला अचानक कृतज्ञता सुचली. रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये मावशींचा सत्कार ठरला. निमंत्रणावर ठळक सूचना होती, 'कृपया लहान मुलांना आणू नये.' मग चार वाजता सगळ्यांनी आपापली मुलं कुठे सोडली? अर्थात मावशींकडे. एकूण सोळा.

हॉलमध्ये मानाची खुर्ची रिकामी. सोसायटीच्या सेक्रेटरींनी वेळ मारून नेली, "मावशींना प्रसिद्धीचा अजिबात सोस नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मानपत्र त्यांनी स्वतःच वाचलं आणि स्वतःच स्वीकारलं.

आता निवृत्त झालेली ती नर्स तेवढी उठून खोलीवर आली. मावशींच्या मांडीवर एक, खांद्यावर एक, उरलेली चौदा जमेल तिथे.

"अहो ताई, तिकडे तुमचा सत्कार चाललाय!"

"ऐकू येतंय. जरा याचं नाक पूस."

नाक पुसता पुसता नर्सलाच रडू फुटलं. मावशींना मात्र राग आला. चौसष्टाव्या वर्षी, पहिल्यांदाच.

सोमवारी दाराला कुलूप. मावशी आठ दिवस बहिणीकडे गेल्या होत्या. गल्लीतल्या दंतवैद्याने लेकीला शेजारी बसवून दाढा उपटल्या. पेशंटपेक्षा तीच जोरात ओरडली. सेक्रेटरींची नात त्यांच्या मीटिंगला बसली आणि म्हणे सगळ्यांत मुद्द्याचं तीच बोलली.

नवव्या दिवशी मावशी परतल्या. "रविवार माझा. आणि रोज सहाला दार बंद. चालत नसेल तर बहिणीचं घर मोठं आहे."

चाललं. न चालून सांगतात कोणाला!

सहानंतरही न्यायला कोणी न आलेलं मूल हल्ली थेट सेक्रेटरींच्या घरी पोचतं. त्यांनीच भाषणात 'आम्ही सदैव पाठीशी' म्हटलं होतं ना.