कुकर मोकळा आहे

हे गेले.

आज सकाळी, चहा पिता पिता. कप अजून ओट्यावर आहे. धुवायचा राहिलाय.

मला रडू येत नाहीये. बायका सारख्या माझ्याकडे बघतायत, आता रडेल, मग रडेल. मी फोन घेऊन स्वयंपाकघरात बसलेय आणि कुकरकडे बघतेय.

माहीत नसलेल्यांसाठी सांगते. या घराच्या कुकरात जेवढं वरण शिजलं, तेवढाच झाडांचा स्वयंपाक झालाय.

नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी अमळनेरहून सुरतला आले. गोडादऱ्यात एक खोली, मागे पडवी. सासूबाई, हे आणि मी. हे बी.एस्सी. बॉटनी, पण नोकरी डाईंग मिलच्या लॅबमध्ये. साड्यांचे रंग जुळवायची.

नव्या नवरीला ह्यांनी पहिली भेट काय दिली? कागदाची पुडी. आत काळी धूळ.

"बी आहे. दवबिंदूचं," म्हणाले.

दवबिंदू म्हणजे इवलंसं लाल रोप. पानांवर चिकट थेंब. किडा बसला की अडकतो आणि पान त्याला सावकाश खातं. मी मनात म्हटलं, चांगल्या घरी पडले!

डांगच्या जंगलात एका ओल्या खडकावर ह्यांना ते सापडलं होतं. पुढच्या वर्षी मला दाखवायला नेलं, तर तिथून रस्ता गेलेला. खडकच नाही. म्हणजे जे काय उरलं होतं ते त्या पुडीत.

कुंडीत पेरायची हिंमत होईना. म्हणून टिश्यू कल्चर. घरच्या घरी.

चायना ग्रास, साखर, थोडं नारळपाणी, चिमूटभर क्षार. जॅमच्या बाटल्यांत ओतायचं आणि बाटल्या कुकरात. थंड झालं की जेली. बी ब्लीचच्या पाण्यात धुऊन त्यावर पेरायचं. एक जंतू शिरला तरी बुरशी येते आणि सगळं वाया.

पेरायला माशांची जुनी काचपेटी आडवी ठेवलेली. तोंडाला प्लास्टिक, प्लास्टिकला दोन भोकं, भोकांना ह्यांच्याच जुन्या शर्टाच्या बाह्या. त्यात हात घालून काम करायचं. पंखा बंद. कुणी बोलायचं नाही, श्वासातूनही बुरशी जाते म्हणे.

आणि बाहेरून सासूबाई ओरडायच्या, "मन्हं वरण कव्हय शिजी रे?"

एकेक करून बाटल्या बुरसल्या. पुडी रिकामी झाली.

श्रावणात शेवटच्या बाटलीत हिरवे ठिपके दिसले. मोहरीहून लहान. ह्यांनी मला हाक मारली आणि बाटली माझ्या डोळ्यांपुढे धरली.

त्याच रविवारी घरी कानबाई बसली. आमच्या खान्देशातली देवी. घर धुऊन-पुसून लख्ख, गव्हाचे रोट, घरात जे चांगलं असेल ते तिच्यापुढे.

हे मिलमधून आले तर बाटली कानबाईपुढे.

झाकण उघडं. जेलीवर हळदकुंकू.

सासूबाई हौसेनं म्हणाल्या, "तुन्हं पीक शे ना ते. कानबाई मायले दखाडं."

मला वाटलं, आता हा माणूस घर डोक्यावर घेणार.

हे बाटलीसमोर मांडी घालून बसले. मग विचारलं,

"माय, दखी लिधं का तिनी?"

"हाव, दखी लिधं."

"मंग झाकन लावू?"

बस, एवढंच.

पडवीत मी पाणी द्यायला गेले तेव्हा म्हणाले, "माय रोज कुकरवरून भांडते. आज तिने ते देवीपुढे ठेवलं. मी काय बोलू, सांग?"

कानबाईचं विसर्जन झालं आणि मागोमाग बाटलीत बुरशी आली. सासूबाईंनी बाटली उजेडात धरली.

"हाई मन्हामुये व्हयनं का रे?"

"नही वं माय. व्हस कधी कधी."

त्या उठल्या, शिजायला ठेवलेलं वरण अर्ध्यातच उतरवलं, कुकर घासून ह्यांच्यापुढे आणून ठेवला.

ह्यांनी सुईच्या टोकाने ती रोपं उचलली, धुतली, नव्या जेलीवर ठेवली. बाकीची गेली. एक जगलं.

तेव्हापासून हे काचपेटीत हात घालून बसले की सासूबाई दारात पहारा द्यायच्या. कुणी आलं की तोंडावर बोट. "बोलू नका, घरमा लेकरू झोपेल शे."

ते रोप कुंडीत गेलं आणि त्याने एक डास धरला. सासूबाईंनी अख्खी गल्ली बोलावली. "आते गोडादराना सगळा मच्छर खाई टाक रे बाबा!"

मग फूल आलं. बी आलं. पुडी पुन्हा भरली.

सासूबाई गेल्या. खोलीचं घर झालं, घरात मुलगी आली, दोनदा कुकर बदलला. हे दर वर्षी बाटली लावत राहिले. म्हणायचे, "कुंडीचा भरवसा नाही. घरात एक बाटली कायम हवी."

परवा म्हणाले, "रविवारी कुकर मोकळा ठेव. बाटलीतली जेली वाळतेय, नवी करायला हवी."

मी म्हटलं, बघू.

आज रविवार.

स्वयंपाकासाठी चूल पेटवायची नाही. शेजारच्यांनी दुखवट्याचं जेवण, कडू घास, आणलाय. जिथे ह्यांना निजवलं होतं तिथे दिवा आहे, तो विझू नये म्हणून पंखा बंद. कुणी बोलत नाही.

ह्यांना काम करायला लागायचं तसं घर आहे अगदी.

आत्ता मुलगी आत आली. हातात बाटली. ती सुरतची, तिला रडतानाही गुजरातीच येतं. "मम्मी, आनुं शुं करवानुं?" याचं काय करायचं, विचारतेय.

मी बाटलीकडे बघितलं. आत हिरवं आहे. मला तेव्हाही रडू आलं नाही.

म्हटलं, "आधी हात धुऊन ये. आणि बोलू नको."

अहो, कुकर मोकळा आहे.

नमस्कार करते. सावकाश जा.