समाचाराला आलेली माणसं

समस्त सोयरे, शेजारी, सुवासिनी आणि दहीपुलावरचे रिकामटेकडे यांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमच्या कुटुंबास ताप आला असून त्यांना आठवा महिना आहे. सबब डॉक्टरांच्या हुकमावरून समाचारास येण्याची सक्त मनाई आहे.

हा मजकूर मी लाल शाईने पुठ्ठ्यावर लिहून नाशकातल्या आमच्या बिऱ्हाडाच्या दारावर टांगला. परिणाम असा की, ज्यांना तापाची खबर नव्हती तेही आले.

मानमोडीच्या, म्हणजे अठरा सालच्या इन्फ्लुएंझाच्या, साथीला तेव्हा पंधराएक वर्षं झाली होती. त्या साथीत माझी थोरली वहिनी अशीच पोटुशी असताना चार दिवसांत गेली. तिला श्वास पुरत नव्हता आणि उशापायथ्याशी बसलेली माणसं तोंडावर वाकून विचारत होती, "कसं वाटतंय?" प्रत्येकाला उत्तर हवं होतं! आठवलं की अजून माझ्या मुठी वळतात.

आमचे डॉक्टर म्हणाले होते, "मास्तर, हा मानमोडीच्याच जातीचा ताप, श्वासातून पसरतो. अशा दिवसांत बाईचा दम आधीच आखूड. छातीत उतरला तर दोन जीव जातील. येणारा प्रत्येकजण नवा खोकला आणील आणि इथला ताप आपल्या घरी नेईल."

म्हणून मी धोतराची पट्टी नाकातोंडाला बांधून उंबऱ्यात उभा राहिलो.

"काय मास्तर, दरोड्याला निघालात?" शेजारचे विचारते झाले. सगळे हसले. हलला कोणीच नाही.

इतक्यात त्र्यंबकेश्वराहून येणाऱ्या मोटारीतून उतरून माझी आत्या आली.

"तिकडे दोन घरी हाच ताप. दोन्हीकडे बसून आले," तिने अभिमानाने सांगितलं आणि शिंकली.

"आत्या, आत जायचं नाही."

"अरे, अमेरिकेत हा ताप डुकरांत सापडला म्हणून तूच ना पेपर वाचून दाखवलास? आपल्यात डुकराचं नाव तरी घेतात का? मला काय होणार?"

"तुला नाही, तिला होईल!"

"मी कुठं शिवणार आहे तिला? अंथरुणालासुद्धा शिवायची नाही."

माझं टाळकं सणकलं. पिढ्यान् पिढ्या आम्ही शिवाशिवीला भ्यालो. कुणाची सावली नको, कुणाची घागर नको. आमच्या गोदागंगेच्या घाटावर जित्याजागत्या माणसांना चार हात लांब उभं केलं. आणि खोकणाऱ्या तोंडाला मात्र पाट मांडून दिला, कारण ते तोंड आपल्यातलं!

हे सगळं मी ओरडून बोललो, पण पट्टीतून नुसतं घुंघुं ऐकू गेलं. तेवढ्यात आत्या माझ्या हाताखालून आत शिरली. तिच्यामागून आणखी चौघी.

आत्याने निऱ्या आवरल्या. अंथरुणाला लुगडं लागू नये म्हणून कोण जपणूक! मग वीतभर अंतरावर बसून, बायकोच्या तोंडावर वाकून ती खोकली आणि म्हणाली, "कसं वाटतंय गं?"

आठ वर्षांत माझ्या बायकोने आत्यापुढे मान वर केली नव्हती. तिने एक हात पोटावर ठेवला, दुसऱ्या कोपरावर भार देऊन उठली, दोनदा दम घेतला आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आत्याबाई, मला बघायला आलात की पोचवायला?"