दत्तूची पिवळी कारवी

दत्तू गेल्याचा निरोप पोलादपूरहून आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. रडू आलं नाही. माझा धाकटा भाऊ, पण त्याच्यावरचा राग शिल्लक होता... आता महिन्याने पेपरच्या पुरवणीवाले म्हणतात, चित्रकार भावाच्या रानातल्या बालपणावर लिहा. चौथी शिकलेय, लिहिते. दत्तूला रानातलं बालपण नव्हतंच.

ते माझं होतं. सत्तर सालानंतरची गोष्ट. दत्तूला दमा, म्हणून आईने त्याला कधी डोंगर चढू दिला नाही. आमच्या उमरठ गावाच्या वरच्या अंगाला गुरं घेऊन मी जायचे. माझी शाळा सुटली, त्याची चालू राहिली. संध्याकाळी मी टेकले की हा पाटी घेऊन पुढ्यात. "आज काय बघलंस गो आक्का?" खेकडीण पोटाखाली पिल्लं घेऊन कशी चालते, शेकरू उलटं लोंबकळून कसं खातं... मी सांगायचे, तो काढायचा. सात वर्षांनी कारवी फुलली त्या दिवशी मी फार दमले होते. रंग विचारून त्याने डोकं उठवलं. म्हटलं, "पिवळी हाय, हळदीवाणी. जा आता!" कारवी जांभळी असते.

पुढे तो मुंबईत शिकला, नावाजला. चित्राचित्रात पिवळी कारवी. नव्वदनंतर एका मासिकात त्याची मुलाखत आली : 'लहानपणी मी एकटाच रान तुडवायचो.' एकटाच! गावी आला तेव्हा मी विचारलं, "दत्तू, रानात कधी गेलास रे तू? ओटीची पायरी चढताना धाप लागते तुला. आणि कारवी जांभळी असते. मी थाप मारलेली."

तो आधी हसला. "मग एवढ्या वर्षांनी सांगतेस व्हय?" मग म्हणाला, "राहू दे गो आक्का. ऐकलेल्या रानाला कोण विचारतो?"

"आणि मी?"

"तुला काय करायचंय नाव?"

हे त्याने अगदी सहज म्हटलं. म्हणूनच लागलं. त्यानंतर त्याने कितीदा विचारलं, यंदा रानात काय फुललंय. मी म्हणायचे, "जाऊन बघ."

मुंबई सोडून त्याने पोलादपूरच्या पुढे, उमरठच्या बाजूला घर बांधलं होतं; दिवसकार्याला तिथे गेले. चित्रं काढायच्या खोलीतल्या खिडकीला आतून जाड कागद चिकटवलेला. त्याची सून म्हणाली, "आत्या, उजेड नको म्हणायचे." मी कागद ओढून काढला. समोर आमचा डोंगर, झाडन् झाड दिसत होतं. इतका जवळ... आणि हा त्याच्याकडे पाठ करून, मी सांगितलेला डोंगर आपला म्हणून काढत बसला.