काकांचा राहून गेलेला समाचार

माझ्या थोरल्या काकांइतक्या उत्साहाने लोकांच्या दुःखात धावून जाणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर झाला नसेल. बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात त्यांचं सुताचं दुकान होतं. पण कुणी गेल्याचं कानावर आलं, की गिऱ्हाईक ताटकळत ठेवून ते समाचाराला निघत. चांदनीच्या स्टेशनमास्तरांची सासू वारली, तेव्हा तिला कधी न पाहिलेले काका पॅसेंजरने तिथे पोचले आणि मास्तरांनाच तिचे गुण सांगत बसले. एकदा तर चुकीच्या खबरीवरून ते एका वकिलाच्या घरी गेले आणि दार खुद्द वकिलांनीच उघडलं. काका डगमगले नाहीत. "आलोच आहे तर बसतो," म्हणून अर्धा तास मान खाली घालून बसले. वकील पुढे महिनाभर प्रकृतीला जपत होते.

अशा माणसाच्या हातून एकच समाचार राहिला होता. देशाचे एक थोर पुढारी वारले आणि बुऱ्हाणपुरात हरताळ पडला, तेव्हा काका विषमज्वराने अंथरुणाला खिळले होते. पुढे कितीतरी वर्षं, जेवून हात धुताना ते मध्येच म्हणायचे, "त्या घरी जायचं राहून गेलं हो."

पुढाऱ्यांचं घर लोकांना पाहायला खुलं झाल्याचं कळलं आणि आमची सहकुटुंब सहल ठरली. निदान आम्ही तिला सहल समजत होतो. काकूने डबा भरून दराबा घेतला. काकांनी तो फलाटावरच एका हमालाला देऊन टाकला.

"मौत झालेल्या घरी मिठाई घेऊन चालले? शरम करा जराशी!"

"अहो, किती वर्षं झाली त्याला!"

"मी तर पहिल्यांदाच जातोय ना?"

इंग्रजांचं राज्य होतं. पुढाऱ्यांच्या दाराशी साध्या वेशातला पोलीस येणाऱ्यांची नावं लिहून घेत होता. त्याने येण्याचं कारण विचारलं. "समाचार," काका म्हणाले. त्या बिचाऱ्याने घाईघाईने टोपी काढली.

आत रखवालदार पुढाऱ्यांच्या खडावा, काठी, लिहायचं मेज एकेक करून दाखवत होता. काकांनी कशाकडे ढुंकून पाहिलं नाही. त्यांचं आपलं एकच, "घरचं कोणी भेटेल का?" परतीच्या गाडीची वेळ होत आली, काकू घायकुतीला आली, मी तर शरमेने अर्धमेला झालो होतो. "तुम्ही व्हा पुढं. मी भेटल्याबिगर हलणार नाही," काकांनी सांगून टाकलं. अखेर रखवालदार कंटाळला आणि आम्हाला मागच्या पडवीत घेऊन गेला. तिथे पुढाऱ्यांची सून तांदूळ निवडत बसली होती. आता तीही म्हातारी झाली होती.

काका समोर जमिनीवर बसले. मग हळूच म्हणाले, "बाई, शेवटी फार तकलीफ झाली का हो त्यांना?"

बाईंचा हात सुपातच थांबला. आजवर येणाऱ्यांनी त्यांना तुरुंगवास विचारला होता, भाषणं विचारली होती.

"ताकभात मागत होते," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी मनाई केली होती. मी दिला नाही." आणि पदर तोंडाला लावून त्या रडू लागल्या. किती वर्षांचं रडणं होतं ते, कोण जाणे.

"मीही नसता दिला, बाई," काका म्हणाले.

आमची गाडी चुकली. काकू मात्र त्यांना एका शब्दाने बोलली नाही.

काका गेले तेव्हा अख्खा राजपुरा आमच्याकडे लोटला. जो तो त्यांच्या गमती सांगत होता, मीही हसत होतो. शेवटी त्यांना तकलीफ झाली का, एवढं मात्र मला कुणी विचारलं नाही. मला ते सांगायचं होतं.